पुलीवरचे दोन वेढे

नौपाड्यातली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा पोटमाळा रिकामा करायला मी आणि भाचा असे दोघं लागलो होतो, आणि सगळ्यात शेवटी, पितळी घंगाळं, गणपतीच्या मखराच्या फळ्या, माझी दहावीची गाइडं असं सगळं उतरवून झाल्यावर, अगदी भिंतीच्या कोपऱ्यातून एक जड गाठोडं निघालं. आईच्या जुन्या सुती साडीत बांधलेलं. सोडायच्या आधीच मला कळलं आत काय आहे, कारण गाठोड्याला वास होता, जुनं लाकूड, मशीनचं तेल आणि थोडासा रबराचा, आणि तो वास मी निदान तीस वर्षं घेतला नव्हता. बाबांचा रेकॉर्ड प्लेयर.

गॅरार्डचा. बाबांनी ७४-७५च्या सुमारास फोर्टातून सेकंडहँड घेतला होता आणि ठाण्यापर्यंत लोकलमधून मांडीवर आणला होता, ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगितली गेलीय की मी तेव्हा त्या डब्यात होतो असंच मला वाटतं. गॅरार्ड म्हणजे मुळात लंडनचे राजघराण्याचे जवाहिरे, त्यांनी १९१५ साली महायुद्धात तोफखान्यासाठी अंतर मोजायची यंत्रं बनवायला कंपनी काढली आणि युद्ध संपल्यावर त्याच बारीक कामाच्या जोरावर ग्रामोफोनच्या मोटर बनवायला लागले, स्विंडनला कारखाना टाकला. आतलं काम बघितलं की ते पटतं. प्रत्येक लिव्हर, प्रत्येक छोटी स्प्रिंग जागच्या जागी आणि कुठेही चिकटवलेलं काही नाही, सगळं स्क्रू आणि सर्क्लिपने उघडतं. म्हणजे ज्याने बनवलं त्याने गृहीत धरलं होतं की कोणीतरी कधीतरी हे उघडून दुरुस्त करणार आहे. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

सध्या आम्ही माजिवड्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहोत, आई आणि आम्ही तिघं, आणि बाबा जाऊन आता सात वर्षं झाली. डायनिंग टेबलवर जुना पेपर पसरून मी काम सुरू केलं. आधी सिरीज दिवा. ज्यांनी जुनी यंत्रं हाताळलीत त्यांना माहितीय, बाकीच्यांनी लक्षात ठेवा: तीस वर्षं बंद पडलेली मोटर थेट प्लगात घालायची नाही, मधे साठ वॉटचा जुना, तारेचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडायचा, आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि मोटर वाचते. माझा बल्ब लालसर, मंद लागला. म्हणजे वाइंडिंग शाबूत. मोटर घुं करत होती पण थाळी हलेना, हाताने ढकलली तरी जड, जणू मधात रुतलीय.

कारण ग्रीस. त्या काळचं ग्रीस वर्षानुवर्षांत सुकून इतकं घट्ट होतं की ते वंगण राहतच नाही, चिकटवायचा गोंद होतो. मी प्रत्येक पार्ट काढायच्या आधी मोबाइलने फोटो काढले, पेट्रोल आणि जुन्या टूथब्रशने सगळं धुतलं, मोटरचे बुश, म्हणजे शाफ्ट ज्यांत फिरतो त्या छोट्या नळ्या, हे तेल पिऊन ठेवणारे असतात त्यामुळे ते नुसते पुसून भागत नाही, स्वच्छ करून परत शिलाई मशीनच्या तेलात रात्रभर बुडवून ठेवायचे, तेवढं केलं. मधल्या स्पिंडलच्या तळाला एक बारीक स्टीलची गोळी असते, थाळीचं सगळं वजन तिच्यावर, ती पुसताना टेबलावरून घरंगळली आणि सोफ्याखाली गेली, जुन्या स्पीकरचं मॅग्नेट घेऊन शोधली. दोन शनिवार यातच गेले.

आता चालतं कसं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. या प्लेयरला बेल्ट नाही. मोटरच्या शाफ्टवर एक छोटी पितळी पुली असते, पायऱ्यापायऱ्यांची, खाली जाड वर बारीक, प्रत्येक पायरी एका स्पीडची: ७८, ४५, ३३⅓, आणि सगळ्यात बारीक १६, जी आमच्याकडे कोणी कधी वापरली नाही. पुली आणि थाळीच्या आतल्या कडेच्या मधे एक रबरी चाक दाबून बसतं, त्याला आयडलर म्हणतात. पुली चाकाला फिरवते, चाक थाळीला. स्पीड बदलायची खिटी फिरवली की चाक वरखाली होतं आणि दुसऱ्या पायरीला टेकतं, बस. गंमत अशी की या मधल्या चाकाचा आकार लहान असो की मोठा, स्पीडला काहीही फरक पडत नाही, फरक पडतो तो फक्त पुलीच्या व्यासाने आणि थाळीच्या कडेने. पण चाक गोल मात्र हवं, एकदम गोल, कारण त्याला एका जागी खड्डा पडला तर तो प्रत्येक फेऱ्याला रेकॉर्डमध्ये ऐकू येतो, धप्प, धप्प, धप्प.

आमच्या चाकाला खड्डा होताच. कोणीतरी खिटी ३३वर ठेवूनच गाठोडं बांधलं होतं, त्यामुळे पुली तीस वर्षं एकाच जागी रबरात रुतून बसली होती, आणि वर रबर नखाने टोचलं तरी दबत नव्हतं. बाहेरून मागवायचं तर पैसे आणि वाट बघणं दोन्ही. मग सुचलं वागळे इस्टेट. तिथे अजून काही जुन्या गाळ्यांमध्ये प्रिंटिंग प्रेसच्या रोलरवर नवं रबर चढवायचं काम चालतं. एका गाळ्यात गेलो, साठीतले गृहस्थ, हाताला कायमचा काळा रंग बसलेला. मी रुमालातून चाक काढून पुढे ठेवलं. त्यांनी ते उजेडात धरलं, फिरवलं, अंगठा दाबला आणि पहिला प्रश्न विचारला, "किती शोअर पाहिजे?" शोअर म्हणजे रबर किती कडक त्याचं माप. मी म्हटलं काका, ते तुम्हीच सांगा, हे रेकॉर्ड प्लेयरचं आहे, आवाज नको आणि घसरायला नको. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पंचेचाळीसच्या आसपास ठेवतो. फार मऊ केलं तर परत खड्डा पडेल. आणि साहेब, ग्राइंडिंग त्याच्याच बुशवर बसवून करू, नाहीतर गोल होईल पण मधोमध नाही होणार." हे वाक्य ऐकून मी निश्चिंत झालो. ज्या माणसाने आयुष्यात कधी असं चाक पाहिलं नव्हतं त्याला गोल आणि मधोमध यातला फरक मला समजावून सांगायला लागला नाही. आठ दिवसांनी चाक मिळालं, मॅट काळं, कडा इतक्या स्वच्छ की बोटावर फिरवत ठेवावंसं वाटे.

मग पिन. आमचा कार्ट्रिज, म्हणजे पिन ज्याला बसते ती छोटी डबी, जुना क्रिस्टलवाला होता, एक बाजू ७८साठी एक बाजू एलपीसाठी, छोटी खिटी फिरवून पलटायची, कारण ७८च्या खाचा रुंद असतात आणि त्यांना साधारण चौपट जाड पिन लागते. आत रोशेल सॉल्टचा स्फटिक असतो, पिन हलली की तो वाकतो आणि त्यातून वीज निघते. पण हा स्फटिक मीठच आहे, दमट हवेत तो मरतो, आणि ठाण्याचे तीस पावसाळे म्हणजे विचारायलाच नको. त्यातून काहीच आवाज आला नाही. त्याच्या जागी सिरॅमिक कार्ट्रिज बसवला, तारा रंगाप्रमाणे, लाल-हिरवी उजव्या चॅनेलची, पांढरी-निळी डाव्या. पिनेचं रेकॉर्डवर पडणारं वजन सोनाराकडे असतो तसल्या छोट्या डिजिटल काट्यावर मोजून साडेचार ग्रॅमवर आणलं. हल्लीच्या मॅग्नेटिक पिना दीड-दोन ग्रॅमवर चालतात, पण पिन धरणाऱ्या जुन्या जड दांड्याला तेवढ्या हलक्या वजनावर खाचेत टिकता येत नाही, आणि पिन खाचेत उड्या मारायला लागली की रेकॉर्डचं जास्त नुकसान होतं, हलकं म्हणजे चांगलं असं सरसकट नसतं.

(एक सांगून ठेवतो, कारण मी स्वतः एकाला अगदी वेळेवर थांबवलंय. आजोबांच्या ७८च्या रेकॉर्डी घरात असतील तर त्या स्पिरिटने कधी पुसू नका. त्या लाखेच्या आहेत. फर्निचरचा पॉलिशवाला चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश बनवतो ना, तेच तुमच्या बालगंधर्वांचं होईल. एलपी विनाइलच्या, त्यांना डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन थेंब लिक्विड सोप पुरे.)

सगळं जोडलं आणि थाळी फिरली. अगदी मुकी फिरली, धप्प नाही काही नाही. पण मला वाटलं, जरा जोरात फिरतेय. मग स्पीड तपासायची स्ट्रोब डिस्क काढली. कागदाचीच असते, तिच्यावर गोलात काळ्या रेघा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे बल्ब सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो, त्या उजेडात ३३⅓ला बरोबर १८० रेघा स्थिर उभ्या दिसल्या पाहिजेत, पुढे सरकल्या तर फास्ट, मागे सरकल्या तर स्लो. इतकं साधं आणि इतकं अचूक माप मी दुसरं बघितलेलं नाही. अडचण अशी आली की घरात सगळे एलईडी, आणि आमचे एलईडी लुकलुकतच नाहीत, रेघांचा नुसता राखाडी पट्टा दिसत होता. शेवटी टेस्टरमध्ये असतो तसला निऑनचा बारका दिवा, इलेक्ट्रिकवाल्याकडे इंडिकेटर म्हणून मिळतो, तो वायर लावून डिस्कजवळ धरला, खोलीत अंधार केला, आणि केशरी उजेडात रेघा दिसायला लागल्या. पुढे पळत होत्या. सेकंदाला तीन-साडेतीन रेघा. म्हणजे साडेतीन टक्के फास्ट, बावीस मिनिटांची बाजू सव्वाएकवीस मिनिटांत संपणार.

मला काही समजेना. हा मोटरचा प्रकार असा आहे की ती फास्ट जाऊच शकत नाही, विजेच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेली असते, लोड वाढला तर थोडी मागे पडेल, पण पुढे? चाकाने फरक पडत नाही हे वर सांगितलंच. राहिली फक्त पुली. भिंग आणि टॉर्च घेऊन परत उघडलं. धुताना मला पुलीच्या ३३च्या पायरीवर पिवळट थर दिसला होता, जुना वार्निश असेल म्हणून मी सोडून दिला होता, घासून पुलीचं माप बिघडवायला नको म्हणून. तो वार्निश नव्हता. सेलोटेप होता. सारखा कापलेला, पायरीच्या रुंदीचा, दोन वेढे, आणि शेवट फिरण्याच्या दिशेने दाबलेला म्हणजे चाक त्याला उचकटणार नाही. हे बाबांचंच काम. ते दिवसभर लेथवर असायचे, टेपचा शेवट कुठल्या बाजूला हवा याचा विचार करणारा आमच्या घरात दुसरा कोणी नव्हता.

व्हर्नियरने मोजलं. पायरी पावणेसहा मिलिमीटरच्या आसपास, टेपच्या एका वेढ्याने व्यास वाढतो साधारण एक दशांश मिलिमीटर, म्हणजे एका वेढ्याला पावणेदोन टक्के आणि दोन वेढ्यांना साडेतीन. हिशोब तंतोतंत जुळला. मी समजलो की तेव्हाच ग्रीस घट्ट होऊन प्लेयर स्लो पडत असणार आणि त्यावर बाबांनी हा उपाय केला. टेप सोडवला, काचेच्या पट्टीवर चिकटवून ठेवला, पुली पुसली, आणि निऑनखाली बघितलं तर १८० रेघा अशा थबकलेल्या की जणू डिस्क फिरतच नाहीये. मी बायकोला, मुलीला, सगळ्यांना बोलावून दाखवलं.

आणि मग माणिक वर्मांची एलपी लावली, आईची, दमदमला छापलेली, कव्हरच्या मागे आईचं नाव आणि साल शाईच्या पेनाने. आई सोफ्यावर बसून होती. पहिलं गाणं पूर्ण ऐकलं, डोळे मिटून, मला वाटलं झालं, जमलं. गाणं संपल्यावर म्हणाली, "छान झालाय रे आवाज. पण हे पेटीला लागणार नाही."

म्हटलं म्हणजे?

"खाली आहे. काळी चारच्या जरा खाली. हे तू ह्यांनी लावलेलं काढलंस का काय?"

काळी चार म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी. तेव्हा कळलं. आईला टेपची पूर्ण माहिती होती. आई तेव्हा गाणं शिकत होती, क्लास आठवड्यातून दोनदा, बाकीचे दिवस घरी रियाज, आणि तिची पद्धत अशी की संध्याकाळी कुकर लावला की पेटी घेऊन बसायची आणि रेकॉर्डबरोबर गायची. पण गाणारी बाई तंबोऱ्याबरोबर गाते, तंबोरा कुठेही लागतो, दोन पट्ट्यांच्या अगदी अधेमधेसुद्धा, पेटीला मात्र पट्टी सोडून जाता येत नाही. त्यात आमचा प्लेयर. पेटी आणि रेकॉर्ड एकत्र वाजली की सुरात लहर यायची, वाँव वाँव वाँव, आणि आईचं डोकं दुखायचं. तिने बाबांना फक्त सांगितलं होतं की ही वर घेता येईल का थोडी. बाबांना गाण्यातलं काही कळत नव्हतं. ते कामावरून आले, हातपाय धुतले, थाळी काढली, एक वेढा दिला आणि म्हणाले वाजव. अजून खाली होती. दुसरा वेढा. आईने काळी चार दाबून धरली आणि, तिच्याच शब्दांत, "पेटी ऐकू येईनाशी झाली." म्हणजे सूर इतका मिळाला की वेगळा उरला नाही. त्यानंतर बारा-तेरा वर्षं ती त्याच दोन वेढ्यांवर गायली. माझ्या कानात ती गाणी आहेत तीसुद्धा त्याच उंचीची आहेत, म्हणूनच मघाशी स्थिर रेघांवर ऐकताना मला बाई थकल्यासारख्या वाटल्या होत्या आणि मी ते बोललो नव्हतो.

लगेच उठलो, लॅमिंग्टन रोडवरून आणलेला पिवळा हीटप्रूफ टेप होता, जाडी तेवढीच, गोंद सुटत नाही, त्याचे दोन वेढे दिले. आईने पेटी काढली. काळी चार. आणि दोघं चकित, कारण आता रेकॉर्ड वर होती. लहर होतीच, फक्त उलट्या बाजूची. मी परत मोजलं, तेच साडेतीन टक्के. पेटी बिघडली म्हणावं तर आईने तीन महिन्यांपूर्वीच सूर लावून घेतली होती आणि काळी चार फोनवरच्या ट्यूनरवर बरोबर येत होती. आई म्हणाली, "रविवारी दुपारी लावली की असंच व्हायचं. रविवारी कधी जुळायची नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणायचे संध्याकाळी लाव."

रविवारी दुपारी. हे वाक्य माझ्या डोक्यात चार दिवस राहिलं. मग आमच्या मजल्यावरच्या काकांना विचारलं, ते वीज मंडळातून रिटायर झालेत, बरीच वर्षं ठाणे-बेलापूर रोडवरच्या लोड डिस्पॅच सेंटरला होते, जिथून राज्याच्या विजेचा तोल सांभाळतात. मी प्रश्न पूर्ण करायच्या आधी ते हसायला लागले. त्या काळी देशभर मागणी जास्त आणि निर्मिती कमी, संध्याकाळी सगळीकडे दिवे लागले की ग्रिडवरच्या सगळ्या जनरेटरवर एकदम ताण येतो, ते सगळे मिळून हळू होतात, आणि फ्रिक्वेन्सी ५०वरून ४९, कधी अजून खाली उतरायची. रविवारी कारखाने बंद, लोड कमी, की परत वर. आपल्या पश्चिम भागात २००२मध्ये फ्रिक्वेन्सीला बांधलेले दर आले, तिच्याप्रमाणे विजेचा भाव बदलायला लागला, तेव्हापासून ती बरीच ताळ्यावर आली आणि आता ५०च्या अगदी जवळ राहते. काका म्हणाले, विजेवर चालणारी घड्याळंसुद्धा तेव्हा मागे पडायची.

घरी येऊन कागदावर मांडलं. ४९ म्हणजे दोन टक्के स्लो. बाबांच्या दोन वेढ्यांचे साडेतीन, त्यातले दोन संध्याकाळच्या विजेने खाल्ले, उरले दीड. आईच्या पेटीला लागत होते ते हे दीड टक्के. आणि एका वेढ्याचे होतात पावणेदोन. बाबांनी स्ट्रोब डिस्क बघितलीसुद्धा नसेल, घरात नव्हतीच, त्यांनी नुसतं आईचं ऐकून, वेढा घालून, विचारून, परत वेढा घालून ते जमवलं होतं, नौपाड्यातल्या आमच्या प्लगातून त्या संध्याकाळी जी काय वीज येत होती तिच्यासकट.

परवा मंगळवारी सात वाजता मी थाळी काढली आणि एक वेढा सोडवला. शेवट फिरण्याच्या दिशेने दाबला. निऑन नाही, डिस्क नाही. स्वयंपाकघरात कुकरची दुसरी शिट्टी झाली होती, आई हात पुसत आली, पेटी पुढे ओढली, भाता सोडला. मी पिन टेकवली. तिने काळी चारवर बोट ठेवलं आणि ठेवूनच राहिली, बराच वेळ, पूर्ण मुखडा होईपर्यंत. मला पेटी ऐकू येत नव्हती.

"उचल," आई म्हणाली, "पहिल्यापासून लाव."